डॉटच्या उशाशी बोललेलं

आम्हा काळ्या बायकांच्या वस्तू लोकांनी उचलून न्याव्यात, याची मला सवय आहे. इथे दक्षिण मेम्फिसमध्ये, माझ्या दुकानात, एखादी पोर कानामागून वळवून घेतलेल्या वेण्यांची नवी तऱ्हा काढते. चार-पाच वर्षांनी तीच तऱ्हा मासिकाच्या मुखपृष्ठावर एका गोऱ्या मुलीच्या डोक्यावर दिसते आणि तिला नाव काहीतरी फ्रेंच दिलेलं असतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करणारी बर्नडीन ते पान फाडून आरशाला चिकटवते आणि त्या मुलीला पेनाने मिशा काढते. आम्ही पोट धरून हसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बसवतो. परक्याने नेलं की दोन शिव्या देऊन मोकळं होता येतं.

घरच्या माणसाने नेलं तर काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

माझं नाव रेनेटा. गिऱ्हाइकं मिस नेटा म्हणतात. तीस वर्षं मी बायकांच्या वेण्या घालते. एका डोक्याला सहा तास लागतात, गंगावन लांब असेल तर आठ. सहा तास एकाच खुर्चीत बसलेली बाई गप्प बसत नाही. नवरा काय करतो, पाद्री कुणाकडे बघतो, धाकटा मुलगा खरं म्हणजे कुणाचा, सगळं ओठांवर येतं. ते मी ऐकते आणि पोटात ठेवते. अर्धं चर्च माझ्या पोटात आहे. पण बोलायचं ते गिऱ्हाइकाने. वेणी घालणारीने आपलं काही सांगायचं नाही. माझ्या आईने मला हातात फणी देतानाच हे बजावलं होतं.

माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते माझ्या लेकीला कळू द्यायचं नव्हतं.

केझाया आठ महिन्यांची होती तेव्हा मी घर सोडलं. एका गायकाच्या मागे उभं राहून गाणाऱ्या तीन बायका लागत होत्या, त्यातली एक मी. मी चोवीस वर्षांची होते आणि माझा गळा असा होता की चर्चमध्ये मी सूर लावला की म्हाताऱ्या बायका उभ्या राहायच्या. चौदा महिने मी बसमधून गावोगाव फिरले. मोटेलच्या बेसिनमध्ये अंगावरचं दूध पिळून टाकायचे आणि रात्री चकचकीत झगा घालून उभी राहायचे. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पैशांसाठीही गेले नव्हते. मला जायचं होतं म्हणून गेले. त्या गायकाच्या गाजलेल्या गाण्यातला तीन सुरांचा हुंकार माझा आहे. आज तो कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत वाजतो. नाव कुठेच नाही, तेही ठीक.

माझ्या आईने शेजारपाजारी सांगितलं, नेटाला छातीचा आजार झालाय, लांबच्या दवाखान्यात ठेवलंय. मी प्रत्येक गावाहून बाळाला एक कार्ड पाठवायचे. आई कात्री घेऊन कार्डाचा तिकिटाचा कोपरा कापून टाकायची, म्हणजे गावाचा शिक्का उरायला नको. केझाया मोठी झाल्यावर तिला सांगितलं, तिकिटं चर्चच्या मिशनला मदत म्हणून दिली. ती अकरा कार्डं केझायाने बुटांच्या खोक्यात जपून ठेवली आहेत. आजारी आईने बिछान्यातून लिहिलेली कार्डं.

आणि नुसती कार्डं जपून ती थांबली नाही. माझ्या छातीपायी ती श्वासाच्या रुग्णांची थेरपिस्ट झाली. मोठ्या हॉस्पिटलात काम करते. दर वाढदिवसाला मला एका नळीत फुंकायला लावायची, काटा बघायची आणि म्हणायची, "मम्मा, पंचविशीतल्या पोरीची फुप्फुसं आहेत गं तुझी! चमत्कार आहे चमत्कार." मी पुन्हा एकदा फुंकायचे. कधीकधी हिवाळ्यात थोडं खोकायचे, अगदीच संशय यायला नको म्हणून. हसू नका. सत्तावीस वर्षं खोटं सांभाळायचं तर थोडं खोकावं लागतं.

हे सगळं आईला आणि डॉटला माहीत होतं. डॉट, म्हणजे डोरोथिया, तीन घरं पलीकडची माझी मैत्रीण. आई गेली, मग तीन वर्षांपूर्वी डॉट गेली. दोघींनीही कधी तोंड उघडलं नाही.

डॉटची मुलगी जॉस्लिन, आमची जॉसी. तिच्या पहिल्या वेण्या मी घातल्या, सहा वर्षांची असताना. डॉट रात्रपाळीला जायची, तेव्हा जॉसी आमच्याकडे जेवायची, केझायाबरोबर एका पलंगावर झोपायची. वयाने सात वर्षांनी मोठी, त्यामुळे केझायाची ताईच. हुशार पोर. शिष्यवृत्ती मिळाली, कॅलिफोर्नियात गेली, टीव्हीच्या मालिका लिहायला लागली. आमच्यासारख्या बायकांवर लिहायची. मासिकात तिची मुलाखत आली होती, 'काळ्या बाईला तिचा आवाज परत मिळवून देणारी लेखिका.' ते पान बर्नडीनने आरशाला लावलं ते मिशांशिवाय.

डॉट गेली तेव्हा जॉसी तिकडे होती. तीन दिवस डॉट हॉस्पिटलात होती आणि जॉसीला कामातून निघता आलं नाही. आली ती थेट फ्युनरल होममध्ये, जिथे मयताला सजवून ठेवतात.

आपल्या गिऱ्हाइकाचे केस शेवटचे आपणच करायचे, अशी आमच्यात रीत आहे. डॉटने तर दहा वर्षं आधीच बजावून ठेवलं होतं, "त्या फ्युनरल होमच्या बाईला माझ्या डोक्याला हात लावू देऊ नकोस. ती सगळ्यांना पाद्रीणबाई करून टाकते." म्हणून मी फणी, तेल, गरम कंगवा घेऊन गेले. मागची बाजू शवपेटीतल्या उशीवर असते, कुणी बघत नाही, बहुतेक जणी पुढचंच करतात. मी मागचंही करते. त्यासाठी डोकं उचलून धरायला एक माणूस लागतो. जॉसी म्हणाली, मी धरते.

तिने आईचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ती रडायला लागली. "आंटी, मी आले नाही. ती वाट बघत होती आणि मी आले नाही. मी कसली मुलगी?"

मी भांग पाडत होते. आता वाटतं, तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण ती पोर इतकी रडत होती की तिच्या हातातलं डॉटचं डोकं हलत होतं. मला वाटलं, हिला काहीतरी द्यायला हवं, आणि माझ्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं. मी म्हणाले, "ऐक बाळा. बायका जातात. आया पण जातात. मी गेले होते." आणि सगळं सांगितलं. बस, झगा, बेसिन, कार्डांचे कोपरे. म्हणाले, "बाप घर सोडून गेला तर लोक म्हणतात, तो तसाच होता. आई गेली तर म्हणतात, ती बाईच नव्हे." आणि मग जे डॉटलाही मी एकदाच सांगितलं होतं तेही सांगून बसले: "परत आले ते लेकीसाठी नाही आले. त्यांनी मला काढलं म्हणून आले. ठेवलं असतं तर आले नसते."

जॉसीचं रडणं थांबलं. तिने माझा हात घट्ट धरला. "हे माझ्याजवळ राहील, आंटी." हेच शब्द. मध्ये डॉट होती, अर्धे केस झालेली.

गेल्या सप्टेंबरात जॉसीची नवी मालिका सुरू झाली. आम्ही दुकानातच बघायचं ठरवलं, दर रविवारी सातला. भिंतीवर मोठा टीव्ही, चर्चमधून आणलेल्या घडीच्या खुर्च्या, कॅटफिश आणि स्पॅगेटी, बर्नडीनचा पाउंड केक. पंचवीस-तीस बायका. पहिले तीन भाग काय हसलो! पडद्यावरची बाई नवऱ्याला झाडूने हाणते तेव्हा बर्नडीन ओरडली, "अगं, डोक्यात नको, डोकं रिकामंच आहे, गुडघ्यावर मार!" मी सगळ्यांना पुन्हापुन्हा सांगत होते, ही पोर माझ्या खुर्चीत वाढली.

चौथ्या भागाला केझाया आली. हॉस्पिटलच्या कपड्यांतच, हातात मासळीची ताटली, माझ्या शेजारच्या खुर्चीत.

पडद्यावर एक म्हातारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात एक कार्ड. तिने ॲप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि कार्डाचा कोपरा कापला. कापलेला तुकडा कचऱ्यात टाकला. पाळण्यातल्या बाळाला म्हणाली, "तुझी आई आजारी आहे हो."

मला समोरचं सगळं दिसत होतं आणि तरी काही कळत नव्हतं. वाटलं, हे आता थांबेल. ते थांबलं नाही. बस आली. झगा आला. बेसिन आलं. ती नटी सुंदर होती, काम फार चांगलं करत होती. ती आरशात बघून म्हणाली, "बाप घर सोडून गेला तर लोक म्हणतात, तो तसाच होता. आई गेली तर म्हणतात, ती बाईच नव्हे." दुकानातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "सांग त्यांना, बाई, सांग!" दोघीतिघी रडत होत्या. बर्नडीन उभी राहून पडद्याला म्हणाली, "शाब्बास गं! जग तुझं आयुष्य!" सगळं दुकान त्या बाईच्या बाजूने होतं.

मग ती बाई म्हणाली, "मी लेकासाठी परत नाही आले. त्यांनी मला काढलं. ठेवलं असतं तर मी आले नसते."

केझायाने ताटली हळूच जमिनीवर ठेवली. त्या गोंगाटात तिचा आवाज फक्त मला ऐकू आला.

"मम्मा, तुझा तो दवाखाना कुठल्या गावाला होता?"

मी तोंड उघडलं. एका तरी गावाचं नाव घ्यायला हवं होतं, कुठलंही. पंचवीस वर्षं तयार ठेवलेलं नाव होतं माझ्याजवळ. ते आलंच नाही.

ती उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. ती गाडीचं दार उघडून उभी होती.

"केझाया, ऐक माझं..."

"गेलीस त्याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "खरंच. चोवीस वर्षांची होतीस. मी रोज हॉस्पिटलात बघते, लोक कशाकशापासून पळतात. आलीस ती का आलीस, तेही मी कधीतरी पचवीन. पण तू जॉसीला सांगितलंस."

"ती रडत होती गं. तिची आई पुढ्यात..."

"मी रडले नाही कधी? मी दहावीत असताना रात्री उठून तुझा श्वास चालू आहे का बघायला यायचे. तुझ्या तोंडाजवळ हात धरायचे. तू जागी असायचीस ना? खरं सांग."

मी जागी असायचे. तिचा हात नाकाजवळ यायचा तेव्हा मी डोळे मिटून मुद्दाम जरा जोरात श्वास घ्यायचे, म्हणजे तिला ऐकू यावा. मी म्हणाले, "हो."

"आणि तरी तिला सांगितलंस. मला नाही." तिने दार ओढून घेतलं.

आत टाळ्या चालूच होत्या.

जॉसी दहा दिवसांनी आली. दुकानात तेव्हा फक्त बर्नडीन आणि मी. जॉसीने मला मिठी मारली आणि सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसली. मी सवयीने तिच्या मानेवर टॉवेल टाकला. पुढच्या महिन्यात मोठा समारंभ होता, मालिकेचं नाव चार बक्षिसांसाठी गेलं होतं. "दुसऱ्या कुणाचा हात नको मला, आंटी. स्टेजवर जाताना तुमच्याच वेण्या हव्यात. मी तुमचं नाव घेणार आहे तिथे. सगळ्या जगासमोर."

"माझं नाव घेणार?"

"घ्यायलाच हवं. तुमच्यासारख्यांच्या जिवावर सगळे मोठे झाले. गाणी तुमची, केस तुमचे, बोलण्याची ढब तुमची, आणि नावं दुसऱ्यांची. कुणीतरी हे मांडायला हवं होतं. मला रोज पत्रं येतात. बाया लिहितात, हे बघून जीव हलका झाला. एकीने लिहिलं, ती तीस वर्षांनी आपल्या मुलाशी खरं बोलली."

ती मनापासून बोलत होती. तेच मला सहन होत नव्हतं. तिने लबाडी करून टाळाटाळ केली असती तर मी तिचा कान धरला असता. ती मला बक्षीस घेऊन आली होती, आणि माझ्या तोंडाकडे आशेने बघत होती.

"जॉसी, तू बाईचं नाव बदललंस. गाव बदललंस. मुलगी होती तिचा मुलगा केलास. मग कार्डाचा कोपरा का नाही बदललास?"

मग खरं ते बोलली. "बदलून बघितला होता. पण त्याशिवाय ते खोटं वाटायचं."

"मग खोटं वाटू द्यायचं होतंस!" माझा आवाज चढला. बर्नडीनने हातातला ब्रश खाली ठेवला. "लोकांना खोटं वाटलं असतं तर काय बिघडलं असतं? एक बक्षीस कमी आलं असतं. केझायाला तेवढ्यावरून कळलं. त्या एका कोपऱ्यावरून."

जॉसीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुम्ही तिला केव्हाच सांगितलं असेल. मला सांगितलंत, म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आधी तिला सांगितलं असेल, असंच कुणालाही वाटेल ना?"

तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी तिच्या मानेवरचा टॉवेल काढला. "ऊठ. तुझ्या आईने हे पंचवीस वर्षं पोटात ठेवलं, तिला कुणी बक्षीस नाही दिलं. ऊठ माझ्या खुर्चीतून."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "आंटी, मी तुमच्यावर प्रेमच केलं हो." ते खोटं नव्हतं. माझी तीच तर तक्रार आहे. जॉसी गेली. बर्नडीनच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून मी तिला जन्मभर चिडवलंय. त्या दिवशी तिने फक्त दाराला आतून कडी लावली आणि माझ्या चहात साखर घालून दिली. मग म्हणाली, "मी त्या बाईला शाब्बास म्हणाले गं. मला काय ठाऊक!" मी म्हटलं, "तुझं काय चुकलं? तुझ्याइतकं मला कुणी शाब्बास म्हटलंच नव्हतं आजवर." आणि मला रडू फुटलं.

केझायाचा शनिवार ठरलेला असायचा. वेण्या घालून घ्यायला महिन्यातून एकदा, सकाळी आठला, दुकान उघडायच्या आधी. तो शनिवार आला. मी गंगावन धुऊन, सुकवून ठेवलं, तिच्या आवडीचं पेपरमिंटचं तेल काढलं. नऊ वाजता बर्नडीन आली आणि काही न विचारता तिने पहिलं गिऱ्हाईक माझ्या खुर्चीत बसवलं. मी फोन केला तो वाजत राहिला. पुढच्या महिन्यातही तेच झालं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ती चर्चमध्ये दिसली. माझ्या पुढच्या बाकावर, दोन माणसं सोडून. मी आधी तिचं डोकं बघितलं. आमच्या धंद्यातल्या बाईला पाठीमागून वेण्या दिसल्या की हात ओळखता येतो. हा हात माझ्या ओळखीचा नव्हता. भांग सरळ होते, एकसारखे, घाई केलेली नव्हती. सहा तासांचं काम. फक्त कानशिलाजवळचे केस जरा जास्त ओढून घेतले होते. तिथली कातडी तिची नाजूक आहे, लहानपणापासून. मी तिथे नेहमी हात सैल सोडते. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले. मी उभी राहिले आणि मला सूर लावता आला नाही. सत्तावीस वर्षं ज्या डोक्याला दुसऱ्या बाईने हात लावला नाही, त्या डोक्याकडे मी सबंध प्रार्थना संपेपर्यंत बघत राहिले.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. माफी मागायची होती, दवाखाना नव्हता हे माझ्या तोंडाने सांगायचं होतं, सगळ्या अकरा गावांची नावं सांगायची होती. ती थांबली, पर्स हातात घट्ट धरून. आजूबाजूला लोक होते. माझ्या तोंडून धंद्यातलंच निघालं.

"छान घातल्यात," मी म्हणाले. "कुणाकडे गेली होतीस?"

"व्हाइटहेवनला एक बाई आहे."

"हात चांगला आहे तिचा. कानशिलाजवळ दुखत असेल तर तिला सांग, सैल घे म्हणून. सांगायला लाजू नकोस."

"सांगेन." ती एक पायरी खाली उतरली, मग माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी तिला तिथेच धरलं असतं.

"ती बाई काम करताना एक शब्द बोलत नाही, मम्मा," ती म्हणाली. "मला ते बरं वाटतं."